काशीतील सापेक्षतेचे गुरुकुल : रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर

नारळीकर हे आडनाव उच्चारले की मराठी मनासमोर डॉ. जयंत नारळीकर यांची मूर्ती उभी राहते. आकाशातील गूढे सोप्या मराठीत उलगडून सांगणारा हा थोर वैज्ञानिक ज्या घरात घडला, त्या घराचे कर्ते पुरुष म्हणजे रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर. मुलाच्या कीर्तीच्या झगझगाटात वडिलांचे कर्तृत्व थोडे मागे पडले. परंतु आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत भारतीय विद्यापीठात रुजवणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचे स्थान फार वरचे आहे. स्वतःच्या नावापेक्षा विद्यार्थ्यांच्या नावाने ओळखले जाण्यात ज्यांच्या आयुष्याची सार्थकता आहे, अशा शिक्षकांपैकी ते एक होते. शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात अशा शिक्षकाचे स्मरण करणे सर्वथा उचित होय.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. घराण्यात संस्कृत विद्येची परंपरा होती. त्यांच्या जन्माच्या अवघे पाच दिवस आधी, २१ सप्टेंबरला, दूर जर्मनीतील कलोन शहरात हेरमान मिन्कोव्स्की या गणितज्ञाने एक व्याख्यान दिले होते. अवकाश आणि काळ या दोन स्वतंत्र गोष्टी नसून एकाच चतुर्मित विश्वाची ती दोन अंगे आहेत, हा विचार त्याने त्या दिवशी जगापुढे मांडला. कोल्हापुरात जन्मलेल्या त्या बालकाचे पुढचे सारे आयुष्य याच चतुर्मित विश्वाच्या गणितात जायचे होते, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

कोल्हापुरात शालेय शिक्षण झाल्यावर नारळीकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १९२८ मध्ये त्यांनी बी. एस्सी. पदवी संपादन केली. पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला जाणे सामान्य घरातील विद्यार्थ्याला त्या काळी परवडणारे नव्हते. कोल्हापूर संस्थान आणि जे. एन. टाटा निधी यांच्या साहाय्याने त्यांचा केंब्रिजचा मार्ग मोकळा झाला. एका संस्थानाने आणि एका उद्योगपतीच्या दूरदृष्टीने केलेल्या या गुंतवणुकीचे व्याज पुढे देशाला कित्येक वर्षे मिळत राहिले.

केंब्रिजची गणिताची 'ट्रायपॉस' परीक्षा आणि तीत पहिल्या वर्गात येणाऱ्यास मिळणारी 'रँग्लर' ही उपाधी मराठी माणसाला नवी नव्हती. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, तेव्हा सारा महाराष्ट्र आनंदला होता. कावेरीकाठच्या कुंभकोणमात वाढलेले श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला पोहोचले आणि त्यांनी तिथल्या गणितज्ञांना थक्क केले. त्याच वाटेवरून नारळीकर गेले. फिट्झविल्यम हाउसचे विद्यार्थी म्हणून त्यांनी १९३० मध्ये ट्रायपॉस विशेष प्रावीण्यासह पूर्ण केली. त्यानंतर संशोधनासाठी आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती आणि रॅली पारितोषिक हे मानाचे सन्मान त्यांना मिळाले.

त्या काळच्या केंब्रिजमध्ये सर आर्थर एडिंग्टन यांच्या नावाचा मोठा दबदबा होता. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात का, हे तपासण्यासाठी एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले होते. तेथील आणि ब्राझीलमधील सोब्राल येथील निरीक्षणांनी आइन्स्टाइनच्या भाकिताला पुष्टी मिळाली आणि आइन्स्टाइन हे नाव एका रात्रीत जगभर झाले. अशा एडिंग्टन यांच्या सहवासात नारळीकरांनी संशोधनाला आरंभ केला आणि सापेक्षता हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

सापेक्षता म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात दूरचे तारे आणि प्रकाशाच्या वेगाने धावणारी याने येतात. प्रत्यक्षात या सिद्धांताचा उगम शाळेच्या प्रयोगशाळेतील एका साध्या प्रयोगाजवळ आहे. तारेतून विजेचा प्रवाह सोडला की शेजारी ठेवलेली चुंबकसूची वळते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. १८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी ही गोष्ट प्रथम जगापुढे मांडली. पुढे फॅरडे यांनी चुंबक हलवून तारेत वीज निर्माण करता येते हे दाखवले. केंब्रिजच्याच जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वीज आणि चुंबकत्व यांना समीकरणांच्या एका सूत्रात ओवले. मात्र एक कोडे उरले. चुंबक स्थिर ठेवून तार हलवली काय, किंवा तार स्थिर ठेवून चुंबक हलवला काय, तारेत प्रवाह तेवढाच वाहतो. तरीही त्याचे स्पष्टीकरण दोन वेळा दोन निराळ्या प्रकारे द्यावे लागे. निसर्ग एकच असताना त्याच्या दोन कहाण्या कशासाठी? १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सापेक्षतेवरचा जो पहिला लेख लिहिला, त्याचा आरंभ याच प्रश्नाने होतो, आणि लेखाचे शीर्षकही गतिमान पदार्थांच्या विद्युत्‌गतिशास्त्राविषयीच आहे.

या प्रश्नाचे उत्तर मोठे सुंदर आहे. तांब्याच्या तारेत धनभारित अणू आपापल्या जागी स्थिर असतात आणि ऋणभारित इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून सरकत असतात. दोन्हींची संख्या सारखी असल्यामुळे आपल्याला तार विद्युतदृष्ट्या तटस्थ भासते. आता कल्पना करू या, की तारेच्या बाहेर एक इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांच्याच दिशेने आणि त्यांच्याच वेगाने चालला आहे. त्याच्या दृष्टीने तारेतील इलेक्ट्रॉन स्थिर आहेत आणि धनभारित अणूच उलट दिशेने सरकत आहेत. सापेक्षतेच्या नियमाप्रमाणे गतिमान वस्तूची लांबी आकुंचन पावते. त्यामुळे त्या इलेक्ट्रॉनाला धनभारित अणू किंचित दाटीने उभे असलेले दिसतात, तर स्थिर झालेले इलेक्ट्रॉन किंचित विरळ. परिणामी तार त्याला धनभारित भासते आणि तो तिच्याकडे ओढला जातो. तारेजवळ उभ्या असलेल्या आपल्याला जे चुंबकीय आकर्षण वाटते, तेच त्या इलेक्ट्रॉनाला साधे विद्युत आकर्षण वाटते. बळ एकच, पाहणारा बदलला की त्याचे नाव बदलते.

तारेतील इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा वेग किती असेल? घरातल्या तारेत तो सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी असतो. मुंगीसुद्धा त्यांना सहज मागे टाकील. इतक्या मंद गतीमुळे होणारे आकुंचन कल्पनेच्याही पलीकडचे सूक्ष्म असते. पण तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ८५ वर अठरा शून्ये इतके मुक्त इलेक्ट्रॉन असतात. त्या सर्वांचा मिळून परिणाम एवढा होतो की त्यावर घरातला पंखा फिरतो आणि विहिरीवरची मोटार पाणी खेचते. सापेक्षतेचा सिद्धांत असा आपल्या रोजच्या जगण्यात लपून राहिला आहे.

१९१५ मध्ये आइन्स्टाइनने याहून मोठी झेप घेतली. व्यापक सापेक्षता सिद्धांताने सांगितले, की वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि त्या वक्रतेलाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. आता, विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रातही ऊर्जा असते. म्हणजे वीज आणि चुंबकत्व यांनीही अवकाश-काल थोडाबहुत वाकलाच पाहिजे. मॅक्सवेलची समीकरणे आणि आइन्स्टाइनची समीकरणे अशा प्रकारे एकमेकांत गुंतली. ही गुंतलेली समीकरणे सोडवणे अत्यंत अवघड असते. १९१६ ते १९१८ या काळात राइसनर आणि नॉर्डस्ट्रॉम यांनी स्थिर, विद्युतभारित गोलाभोवतीच्या क्षेत्राचे उत्तर शोधले. क्षेत्र काळानुसार बदलत असेल तर काय, हा प्रश्न पुढच्या पिढीसाठी राहिला. त्या पुढच्या पिढीत नारळीकर होते.

नारळीकर केंब्रिजमध्ये होते त्याच काळात आणखी एक भारतीय तरुण तेथे ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करीत होता. तंजावर भागातील घराण्यात जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये मद्रासहून केंब्रिजला आले होते. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९८३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. नारळीकरांपुढेही परदेशी संशोधनाचे दार उघडे होते. त्याच वेळी काशी हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना गणित विभागाची धुरा सांभाळण्यासाठी पाचारण केले. १९३२ मध्ये नारळीकर मायदेशी परतले आणि काशीस रुजू झाले. विभागप्रमुखाची जबाबदारी आली तेव्हा त्यांचे वय जेमतेम चोविशीचे होते.

या निर्णयाचे मोल आज सहज लक्षात येत नाही. केंब्रिजमध्ये एखादी शंका आली तर ती विचारायला एडिंग्टन होते. नवीन लेख छापून आला की दुसऱ्या दिवशी त्यावर चर्चा होत असे. काशीत परदेशी नियतकालिके बोटीने यायची. शिवाय त्या काळी जगभरातील बुद्धिमान तरुण पुंजभौतिकीकडे आणि अणुकेंद्राच्या अभ्यासाकडे धाव घेत होते. व्यापक सापेक्षता हा सुंदर पण निरुपयोगी विषय आहे, त्याची प्रयोगाने पडताळणी करण्याची फारशी सोय नाही, असेच बहुतेकांचे मत होते. परतंत्र देशातील एका तरुण विद्यापीठात असा विषय घेऊन बसणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होते. नारळीकरांनी ते काम १९३२ पासून १९६० पर्यंत, तब्बल अठ्ठावीस वर्षे केले.

या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतो तो फळा, खडू, कागद आणि समोर बसून विचार करणारा विद्यार्थी. गरीब देशाला परवडणारे हे विज्ञान आहे, आणि नारळीकरांनी काशीत नेमकी हीच संपत्ती जमवली. एकेका विद्यार्थ्याला हाताशी धरून त्यांनी सापेक्षतेचे एक गुरुकुलच उभे केले.

या गुरुकुलातील सर्वांत उज्ज्वल कहाणी प्रल्हाद चुनिलाल वैद्य यांची आहे. १९१८ मध्ये सौराष्ट्रात जन्मलेले वैद्य मुंबईत गणित शिकले होते. सापेक्षतेत काही करावे अशी ओढ त्यांना लागली आणि १९४२ मध्ये ते नारळीकरांच्या मार्गदर्शनासाठी काशीस आले. सोबत पत्नी आणि तान्ही मुलगी. हाती नोकरी नव्हती. होती ती थोडी शिल्लक पुंजी. ती पुरेल तितके दिवस संशोधन करायचे, असा त्यांचा निश्चय होता. देशात त्या वर्षी 'चले जाव'चा वणवा पेटला होता. काशी हिंदू विद्यापीठालाही त्याची झळ पोहोचली. विद्यापीठाच्या आवारात सैन्य शिरले. बाहेर अशी धामधूम चालू असताना हे गुरुशिष्य एका ताऱ्याचा प्रश्न सोडवत होते.

तो प्रश्न असा. १९१६ मध्ये कार्ल श्वार्ट्‌झशिल्ड यांनी ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित मांडले, त्यात तारा थंड आणि मूक धरला होता. त्यातून काहीच बाहेर पडत नव्हते. खरा तारा तसा नसतो. सूर्य अहोरात्र प्रकाश देत असतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमान; तेव्हा प्रकाश देणाऱ्या ताऱ्याचे वस्तुमान सतत घटत जाणार. बाहेर वाहत जाणारा तो प्रकाशही ताऱ्याभोवतीचा अवकाश-काल वाकवणार. अशा तळपत्या ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्र कसे असेल? या प्रश्नाचे नेमके गणिती उत्तर वैद्यांनी शोधून काढले. १९४३ मध्ये ते 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज जगभरच्या ग्रंथांत ते 'वैद्य मेट्रिक' या नावाने शिकवले जाते.

या लेखावर एकच नाव आहे, ते वैद्यांचे. ज्यांच्या दाराशी विद्यार्थी आला, ज्यांच्या विभागात हे काम झाले, त्या गुरूचे नाव लेखकांच्या ओळीत नाही. संशोधनाच्या जगात नामोल्लेखाला केवढे महत्त्व असते, हे जाणणाऱ्यांना या एका गोष्टीतून नारळीकरांच्या मोठेपणाचे दर्शन घडेल. काशीत सुमारे दहा महिने काढून वैद्य परतले, पण गुरुशिष्यांचा धागा तुटला नाही. १९४७ मध्ये दोघांनी मिळून गोलीय सममिती असलेल्या आणि काळानुसार बदलणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय क्षेत्राविषयी एक लेख लिहिला. तो इंग्लंडच्या 'नेचर' या जगन्मान्य साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. राइसनर आणि नॉर्डस्ट्रॉम यांनी स्थिर क्षेत्राचा विचार केला होता. काशीच्या या जोडीने बदलत्या क्षेत्राला हात घातला. ओर्स्टेडच्या चुंबकसूचीपासून निघालेला विचारांचा प्रवाह असा गंगेच्या काठी येऊन पोहोचला.

नारळीकरांचे दुसरे सहकारी के. आर. करमरकर. चतुर्मित अवकाश-कालाची वक्रता मोजायला वीस राशी लागतात आणि आपण मोजणीची पद्धत बदलली की त्या राशीही बदलतात. नकाशावर अक्षांश-रेखांश कसेही आखले तरी डोंगराची उंची बदलत नाही, तशा मोजणीची पद्धत बदलूनही न बदलणाऱ्या राशी कोणत्या, हा मूलभूत प्रश्न होता. नारळीकर आणि करमरकर यांनी १९४९ मध्ये अशा चौदा राशींचा संच मांडला. एखाद्या ठिकाणी समीकरणे कोलमडतात तेव्हा तेथे अवकाश-कालच खरोखर बिघडला आहे, की आपल्या मोजणीची पद्धत अपुरी पडली आहे, हे अशा राशींवरून ठरवता येते. करमरकरांनी त्याआधी, १९४८ मध्ये, गोलीय सममिती असलेल्या अवकाश-कालासाठी एक अट शोधली होती. बराच काळ तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एकविसाव्या शतकात मात्र अतिघन ताऱ्यांचा, विद्युतभारित ताऱ्यांचाही, अभ्यास करणारे संशोधक 'करमरकर अट' या नावाने तिचा वारंवार वापर करू लागले.

वैद्यांच्या संशोधनाचेही तसेच झाले. १९४३ मध्ये ज्याला बौद्धिक व्यायाम समजले जाई, त्याची गरज वीस वर्षांनी भासू लागली. १९६३ मध्ये क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी वस्तूंची ओळख पटली. इतकी प्रचंड ऊर्जा कोठून येते, याचा शोध घेताना खगोलशास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणाकडे वळले आणि व्यापक सापेक्षता पुन्हा केंद्रस्थानी आली. पुढे कृष्णविवरांचे बाष्पीभवन होते असा विचार स्टीफन हॉकिंग यांनी मांडला, तेव्हा ऊर्जा गमावत जाणाऱ्या वस्तूचे गणित म्हणून वैद्य मेट्रिक पुन्हा हाती घेतली गेली. कलकत्त्यात अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरणही याच काळात जगाच्या नजरेत भरले. ज्या विषयाला जग निरुपयोगी म्हणत होते, तो विषय भारतात जिवंत ठेवणारे लोक किती थोडे होते आणि त्यांचे काम किती मोलाचे होते, हे तेव्हा उमगले. १९६९ मध्ये व्यापक सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण या विषयांसाठी भारतीय संशोधकांची एक स्वतंत्र संघटना स्थापन झाली. तिच्यामागे नारळीकर आणि वैद्य यांच्या दीर्घ तपश्चर्येची पुण्याई होती.

काशीतील नारळीकरांचे घर हीसुद्धा एक शाळाच होती. त्यांच्या पत्नी सुमतीबाई या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातील, संस्कृतच्या व्यासंगी. वडील गणिती आणि आई संस्कृतज्ञ अशा वातावरणात जयंत आणि अनंत हे दोघे भाऊ वाढले. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार या भाच्याकडे राहायला आले, की फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. दुसरे बंधू वसंत हुजूरबाजार यांनीही काशीतच गणिताचे उच्च शिक्षण घेतले. पुढे केंब्रिजहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची स्थापना केली.

आजच्या पालकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. केंब्रिजच्या रँग्लरचा मुलगा काशीत शाळेत शिकला तो हिंदी माध्यमातून. घरात मराठी, शाळेत हिंदी, आईकडून संस्कृत आणि यथाकाल इंग्रजी, अशी भाषांची समृद्धी त्याला लाभली. १९५७ मध्ये काशी हिंदू विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन जयंतराव वडिलांच्याच फिट्झविल्यम हाउसमध्ये गेले आणि रँग्लर झाले. त्यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तसेच विद्युतभारित कणांच्या परस्परक्रियेचा विश्वाच्या प्रसरणाशी असलेला संबंधही तपासला. धाकटे अनंतराव पदार्थविज्ञानाकडे वळले. विजेचा प्रवाह जेथे विनाअडथळा वाहतो, त्या अतिसंवाहक पदार्थांच्या संशोधनात त्यांनी नाव मिळवले. वडिलांच्या अभ्यासविषयाच्या दोन बाजू, गुरुत्वाकर्षण आणि विद्युतप्रवाह, दोघा मुलांनी जणू वाटून घेतल्या.

१९६० मध्ये नारळीकरांनी काशी सोडली आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. आयोगाचे मुख्यालय अजमेरला होते. राज्याच्या सेवेत येऊ पाहणाऱ्या तरुणांची पारख करणारे हे पद निःस्पृह माणसालाच शोभते. १९६६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. इतक्या मोठ्या पदावरून उतरल्यावर विश्रांती घेणे स्वाभाविक होते. नारळीकर मात्र पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले. पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून त्यांनी १९७३ पर्यंत अध्यापन केले. लोकमान्य स्वतः गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या नावाचे आसन अशा शिक्षकाने भूषवावे, हा मोठा औचित्याचा योग होता.

१ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात रँग्लर नारळीकर यांचे निधन झाले. तोपर्यंत पुण्यात जयंतरावांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांची आंतरविद्यापीठीय संस्था आकार घेत होती. देशभरच्या विद्यापीठांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना या विषयांत संशोधन करता यावे, हा तिचा हेतू. काशीत एका विभागात जे काम फळा आणि खडूच्या बळावर सुरू झाले होते, त्याचा हा विस्तार म्हणावा लागेल.

केंब्रिजमध्ये राहून नारळीकरांनी अधिक संशोधन केले असते काय, अधिक कीर्ती मिळवली असती काय, असा प्रश्न मनात येतो. चंद्रशेखर यांच्या मार्गाने जाऊन विज्ञानाची मोठी सेवा घडते, यात शंका नाही. नारळीकरांनी दुसरा मार्ग पत्करला आणि त्याची किंमतही मोजली. विभागाची व्यवस्था, परीक्षा, अध्यापन यांत शिक्षकाचे कितीतरी तास जातात आणि त्या तासांची नोंद कुठल्याही नियतकालिकात होत नाही. त्यांची नोंद होते ती विद्यार्थ्यांत. १९४२ मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन आलेल्या त्या बेकार तरुणाला काशीत कोणी भेटलेच नसते, तर तळपत्या ताऱ्याचे ते गणित कदाचित दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी देशात, उशिरा सोडवले असते. ते भारतात सुटले, कारण तेथे दहा वर्षे आधीच एक शिक्षक येऊन बसलेला होता.

शिक्षकाच्या कार्याचे स्वरूप तारेतल्या इलेक्ट्रॉनांसारखे असते. त्याची गती डोळ्यांना दिसत नाही, एका दिवसाचे फळ मोजायला गेले तर हाती काहीच लागत नाही. परंतु वर्षानुवर्षे, विद्यार्थ्यामागून विद्यार्थी, असे ते कार्य साठत जाते आणि त्याच्या बळावर समाजाची चाके फिरू लागतात. आपल्या शाळेच्या साठ वर्षांचा हिशेबही याच रीतीने मांडावा लागेल. वर्गात वेगळा प्रश्न विचारणारे मूल दिसले, तर त्याच्यासाठी वेळ काढणारा शिक्षक आणि त्या प्रश्नाला उपयोगाच्या तराजूत न तोलणारे पालक लाभणे, हेच त्या मुलाचे भाग्य. रँग्लर नारळीकरांचे जीवन माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि शिक्षकांना एवढे निश्चित सांगते, की ज्ञानाचे बीज योग्य हाती पडले तर ते फुकट जात नाही. ते उगवायला कधीकधी वीस वर्षे लागतात इतकेच.